हाकेचा पत्ता : संगणकातील कोअरची ओळख कशी पटते?

कोल्हापूर जिल्ह्यात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांनंतर पावसाची नोंद, नदीची पातळी आणि पुढील दिवसांचा अंदाज या तीन गोष्टी जिल्हा प्रशासनापासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांच्या नित्याच्या कामाचा भाग झाल्या आहेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे आकडे नदीकाठच्या गावांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. ही माहिती गोळा करण्याच्या आणि तिच्यावरून अंदाज बांधण्याच्या कामात आता संगणकांचा मोठा वाटा आहे. महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे, कार्यालयांतील संगणक आणि पुण्यात हवामानाचे गणित करणारा महासंगणक ही त्याची तीन टोके होत.

आकाराने आणि सामर्थ्याने इतक्या भिन्न असलेल्या या यंत्रांत एक तत्त्व समान आहे. बाहेर काही घडले की यंत्रातील प्रोसेसरला हाक मारली जाते. या हाकेला संगणकशास्त्रात इंटरप्ट म्हणतात. शब्दशः अर्थ व्यत्यय. प्रोसेसर एकच होता तोवर हाक कोणाला मारावयाची हा प्रश्न उद्भवत नव्हता. आता एकाच प्रोसेसरमध्ये चार, आठ, कित्येकदा शंभराच्या आसपास स्वतंत्रपणे काम करणारे घटक असतात. त्यांना कोअर म्हणतात. त्यांपैकी नेमक्या कोणत्या कोअरला हाक द्यावयाची आणि त्या कोअरचा क्रमांक कोणता, हे निश्चित करणे हे संगणकाच्या मूलभूत प्रणालीचे एक आद्य कर्तव्य ठरले आहे.

हाक म्हणजे काय?

स्वयंचलित पर्जन्यमापकाचा एक प्रचलित प्रकार पाहिल्यास ही कल्पना स्पष्ट होईल. या मापकात तराजूच्या दांडीप्रमाणे तोललेल्या दोन लहान वाट्या असतात. ठराविक पाऊस एका वाटीत साठला की ती कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी वाटी भरू लागते. वाटी कलंडताना एक लहान चुंबक स्विचजवळून सरकते आणि क्षणभर विद्युतप्रवाह वाहतो. हा क्षणिक प्रवाह म्हणजेच प्रोसेसरला दिलेली हाक.

वाटी कलंडली की नाही हे प्रोसेसरने सतत तपासत राहावे, असाही एक मार्ग आहे. परंतु त्यात त्याचा सारा वेळ आणि बॅटरीतील वीज खर्ची पडते. हाकेच्या पद्धतीत प्रोसेसर स्वस्थ झोपू शकतो किंवा दुसरे काम करू शकतो. हाक आली की तो हातातील काम जेथे असेल तेथे खूण करून थांबवतो, त्या हाकेसाठी नेमून दिलेला छोटा कार्यक्रम चालवतो, वाटी एकदा कलंडल्याची नोंद करतो आणि पुन्हा मूळ कामाकडे वळतो. कळफलकावरील कळ दाबली जाणे, डिस्कवरून माहिती वाचून होणे, जाळ्यावरून संदेश येणे, घड्याळाचा ठोका पडणे या सर्व घटना प्रोसेसरला अशाच हाकेने कळतात. १९५० च्या दशकापासून संगणकात ही पद्धत रूढ होत गेली.

एका प्रोसेसरचा काळ

१९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी या व्यक्तिगत संगणकात हाका गोळा करण्यासाठी ८२५९ या जातीच्या दोन चकत्या असत. दोन्ही मिळून हाकांच्या १६ वाटा होत. त्यांतील एक वाट दोन चकत्या एकमेकींना जोडण्यात खर्च होई आणि १५ उपयोगासाठी उरत. या वाटांचे दुसरे टोक मात्र एकच होते, कारण प्रोसेसर एकच होता.

कोल्हापूर परिसरातील ग्रामीण जनतेचा संगणकाशी मोठ्या प्रमाणावर संबंध आला तो याच एका प्रोसेसरच्या काळात. १९९८ मध्ये वारणानगर येथे ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र व राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने राबविलेल्या या प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांचा समावेश होता. ऊस उत्पादकास आपल्या उसाची नोंद, वजन आणि देयक यांची माहिती गावातच मिळावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्या पिढीतील व्यक्तिगत संगणकात सामान्यतः एकच प्रोसेसर आणि त्यात एकच कोअर असे. आज साध्या मोबाईल फोनमध्येही आठ कोअर आढळतात.

आवक शाखेचे काम

अनेक कोअर असलेल्या संगणकात हाकांची व्यवस्था पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. त्यास इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत आलेले टपाल ज्याप्रमाणे नोंदवून संबंधित संकलनाकडे पाठविले जाते, त्याप्रमाणे हा कंट्रोलर डिस्क, जाळे, घड्याळ इत्यादींकडून आलेली हाक नेमून दिलेल्या कोअरकडे पाठवितो. कोणती हाक कोणाकडे पाठवावयाची याचा तक्ता संगणक सुरू होताना मूलभूत प्रणालीने भरून द्यावयाचा असतो. कंट्रोलर स्वतः विचार करीत नाही. तक्त्यात लिहिलेल्या पत्त्यावर तो हाक पोहोचवितो.

हा पत्ता चुकल्यास दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. पत्त्यावर कोणीच नसेल तर हाक वाया जाते. डिस्कने माहिती तयार ठेवलेली असते, परंतु ती तयार आहे हे कोणालाच कळत नाही आणि संपूर्ण काम खोळंबते. पत्ता दुसऱ्याच एखाद्या कोअरचा असेल तर काम अडत नाही, पण मंदावते. सर्व हाका पहिल्याच कोअरवर येऊन पडतात, तो हाकांना उत्तरे देण्यातच गुंतून राहतो आणि इतर कोअर मोकळे असूनही संगणक सुस्तावतो. पहिला दोष लगेच दिसतो. दुसरा मात्र महिनोन्महिने लक्षात येत नाही आणि यंत्रच जुने झाले असा समज होतो.

दोन क्रमांकांचा मेळ

प्रश्नाचे मूळ असे की, प्रत्येक कोअरला एकाहून अधिक क्रमांक असतात. लिनक्ससारखी प्रणाली आपल्या सोयीसाठी कोअरना शून्य, एक, दोन असे ओळीने क्रमांक देते. यंत्ररचनेने दिलेला क्रमांक निराळा असतो आणि हाक पोहोचते ती या दुसऱ्या क्रमांकावर.

जमिनीच्या दप्तराशी परिचय असलेल्यांना ही अडचण नवीन वाटणार नाही. एकत्रीकरण योजना लागू झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरच्या जागी गट नंबर आले. जमीन तीच राहिली, परंतु जुन्या खरेदीखतात एक आकडा आणि आजच्या सातबारावर दुसरा आकडा, अशी स्थिती झाली. दोहोंचा मेळ घातल्यावाचून जुना सर्व्हे नंबर गट नंबर म्हणून वापरला, तर भलत्याच खातेदाराचा उतारा हाती येतो. क्वचित त्या क्रमांकाचा गटच गावात नसतो. कोअरच्या क्रमांकांतही नेमके हेच घडते.

इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरमध्ये यंत्राच्या बाजूचा हा क्रमांक एपिक क्रमांक म्हणून ओळखला जातो. तो एकसंध आकडा नसून कप्प्याकप्प्यांनी बनलेला असतो. एक उदाहरण घेऊ. एका संगणकात दोन प्रोसेसर आहेत, प्रत्येकात सहा कोअर आहेत आणि प्रत्येक कोअर एकाच वेळी आज्ञांचे दोन प्रवाह चालवू शकतो, असे समजा. म्हणजे प्रत्येक प्रोसेसरमध्ये हाक घेऊ शकणारी १२ ठिकाणे झाली. क्रमांकात दोन प्रवाहांसाठी एका बिटचा कप्पा पुरतो. सहा कोअरसाठी मात्र तीन बिट लागतात आणि तीन बिटांत आठ क्रमांक मावतात. यामुळे प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला १६ क्रमांक येतात. त्यांपैकी ० ते ११ वापरात येतात, १२ ते १५ रिकामे राहतात आणि दुसऱ्या प्रोसेसरची सुरुवात १६ पासून होते. ओळीने मोजणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने दुसऱ्या प्रोसेसरमधील पहिले ठिकाण १२ क्रमांकाचे. यंत्राच्या दृष्टीने ते १६ क्रमांकाचे. तक्त्यात १२ लिहिले तर हाक रिकाम्या घरावर जाते.

या क्रमांकासाठी पूर्वी आठच बिटांची जागा होती, त्यामुळे कोअरची संख्या अडीचशेच्या पुढे नेणे अशक्य होते. पुढे ही जागा ३२ बिटांची करण्यात आली.

रास्पबेरी पायचे उदाहरण

अनेक शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पाहावयास मिळतो. त्याच्या चौथ्या आणि पाचव्या आवृत्तींची तुलना या विषयावर चांगला प्रकाश टाकते. दोन्हींत आर्म पद्धतीचे चार कोअर आहेत. आर्म पद्धतीत प्रत्येक कोअरजवळ स्वतःच्या ओळखीची एक नोंद असते आणि तीत आठ-आठ बिटांचे कप्पे असतात. चौथ्या आवृत्तीतील कॉर्टेक्स-ए७२ जातीच्या कोअरचे क्रमांक सर्वांत खालच्या कप्प्यात असतात. ते ०, १, २ आणि ३ असे सरळ मिळतात.

पाचव्या आवृत्तीत कॉर्टेक्स-ए७६ जातीचे कोअर आले. या जातीत सर्वांत खालचा कप्पा कोअरच्या पोटातील आज्ञाप्रवाहासाठी राखून ठेवलेला आहे आणि कोअरचा क्रमांक त्याच्या वरच्या कप्प्यात गेला आहे. त्यामुळे चार कोअरचे क्रमांक ०, २५६, ५१२ आणि ७६८ असे वाचले जातात. चौथ्या आवृत्तीसाठी लिहिलेला आणि केवळ खालचा कप्पा पाहणारा कार्यक्रम पाचव्या आवृत्तीवर चालविल्यास चारही कोअर ‘मी शून्य’ असेच उत्तर देतात. चौघेही स्वतःला पहिला समजून एकच काम करू लागतात आणि यंत्र सुरू होण्यापूर्वीच बंद पडते.

दोन्ही आवृत्तींतील इंटरप्ट कंट्रोलर मात्र एकाच जातीचा आहे. तो कोअरला क्रमांकाने न ओळखता स्थानाने ओळखतो. त्याच्या तक्त्यात प्रत्येक कोअरसाठी एक बिट असतो. त्यामुळे चार कोअरचे पत्ते १, २, ४ आणि ८ असे होतात. अशा रीतीने एकाच कोअरला प्रणालीच्या दप्तरात ३, स्वतःच्या नोंदीत ७६८ आणि कंट्रोलरच्या तक्त्यात ८ असे तीन आकडे लाभतात. तिन्ही बरोबर आहेत. मात्र प्रत्येकाची वापरावयाची जागा निराळी आहे.

ओळख पटविण्याची रीत

या प्रश्नावर जाणकार प्रणालीकारांनी अनुभवाने एक रीत बसविली आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला टप्पा यादीचा. संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणारा अंगभूत कार्यक्रम यंत्रात कोणकोणते कोअर आहेत आणि त्यांचे क्रमांक कोणते, याची यादी मुख्य प्रणालीच्या हाती देतो. शून्यापासून मोजत जाण्याऐवजी या यादीत जे क्रमांक असतील तेच प्रमाण मानावयाचे.

दुसरा टप्पा कोअरलाच विचारण्याचा. सुरुवातीस एकच कोअर जागा असतो. तो इतरांना एकेक करून जागे करतो. जागा झालेला प्रत्येक कोअर स्वतःची ओळख-नोंद वाचतो आणि सामायिक तक्त्यातील आपल्या ओळीत ती लिहितो. आपली ओळख स्वतः सांगितलेली असल्यामुळे अनुमानाला वाव राहत नाही.

तिसरा टप्पा कंट्रोलरला विचारण्याचा. रास्पबेरी पायमधील कंट्रोलरमध्ये यासाठी एक सुंदर सोय आहे. प्रत्येक कोअरच्या खासगी हाकांसाठी त्यात काही रकाने राखलेले असतात. जो कोअर हे रकाने वाचतो, त्याला त्याचाच बिट दिसतो. ‘तुझ्या दप्तरात मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कोअरला अशा रीतीने थेट मिळते.

चौथा टप्पा पडताळणीचा. तक्ता भरून झाल्यावर प्रत्येक पत्त्यावर एक चाचणीची हाक पाठवावयाची आणि ती अपेक्षित कोअरनेच घेतली काय, हे पाहावयाचे.

या कामी एक दक्षता आवश्यक असते. मूलभूत प्रणाली कामांची वाटणी करताना चालू कार्यक्रम एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवू शकते. ‘मी कोण’ असे विचारून उत्तर मिळाले आणि तेवढ्यात कार्यक्रमाची बदली झाली, तर हातात राहिलेले उत्तर पूर्वीच्या कोअरचे असते. म्हणून ओळख वाचून तिची नोंद होईपर्यंत अशी बदली रोखून धरावी लागते. त्याचप्रमाणे वीज वाचविण्यासाठी एखादा कोअर बंद करावयाचा झाल्यास त्याच्या नावे येणाऱ्या हाका आधी दुसऱ्याकडे वळवाव्या लागतात. अधिकाऱ्याची बदली होताना कार्यभार सोपविला जातो, तसाच हा प्रकार होय.

रिस्क-फाइव्ह या खुल्या पद्धतीतही हीच दृष्टी आढळते. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकचे ‘वेगा’ आणि मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे ‘शक्ती’ हे भारतीय प्रोसेसर याच पद्धतीचे आहेत. या पद्धतीच्या नियमांनुसार एका घटकाचा क्रमांक शून्य असलाच पाहिजे. उरलेले क्रमांक ओळीने असण्याचे बंधन नाही. देशी प्रोसेसरवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद आरंभीच कळणे हिताचे आहे.

महासंगणकात एका हाकेचे मोल

हाकेच्या पत्त्याचे महत्त्व महासंगणकात अनेक पटींनी वाढते. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यात आले. अर्कचे सामर्थ्य ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितकृत्यांचे आहे. त्याच्या आधारे २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही अंदाजप्रणाली सुरू झाली. पूर्वीच्या १२ किलोमीटर जाळ्याच्या जागी तीत ६ किलोमीटरचे जाळे आहे. सुमारे ७,६८५ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वी ढोबळ मानाने ५३ चौकटी मावत असत. आता दोनशेहून अधिक मावतात. घाटमाथ्यावरील गगनबावडा आणि पूर्वेकडील शिरोळ यांच्या पावसातील अंतर लक्षात घेता या सूक्ष्मतेचे मोल ग्रामपंचायतींना निराळे सांगावयास नको.

या गणितात नकाशाचे तुकडे अनेक कोअरमध्ये वाटून दिलेले असतात. गगनबावड्याच्या चौकटीचे पुढील क्षणाचे गणित करावयाचे तर शेजारच्या राधानगरीच्या चौकटीचे चालू क्षणाचे उत्तर हाती असावे लागते. सर्वांनी एक पाऊल टाकल्यावरच पुढील पाऊल पडते. अशा वेळी एखाद्या कोअरला अनावश्यक हाक आली आणि तो क्षणभर थांबला, तर त्याच्यासाठी इतर सर्वांना थांबावे लागते. अशी पावले असंख्य असल्याने क्षणाक्षणांचा उशीर साचत जातो.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या ‘एएससीआय क्यू’ या महासंगणकाचा वेग अपेक्षेहून पुष्कळ कमी पडत असल्याचे आढळल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी कारणांचा शोध घेतला आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या संगणकाच्या प्रत्येक विभागात चार प्रोसेसर होते. चारही प्रोसेसर गणितास लावण्यापेक्षा तीनच लावून चौथा प्रणालीच्या किरकोळ कामांसाठी मोकळा ठेवला, तर मोठे गणित अधिक लवकर होते, असे दिसून आले. दोष गणितात नव्हता. मधूनमधून उठणाऱ्या प्रणालीच्या कामांनी तो घडविला होता. काही कोअर हाका आणि व्यवस्था यांसाठी राखून ठेवावे आणि उरलेल्यांना निर्वेध गणित करू द्यावे, ही रीत आता मोठ्या यंत्रांत प्रचलित आहे. ती पाळावयाची तर राखीव कोअर कोणते आणि त्यांचे यंत्रमान्य क्रमांक कोणते, हे अचूक माहीत असावेच लागते.

शाळा-महाविद्यालयांत काय करता येईल?

हा विषय समजण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर ‘सीपीयूइन्फो’ आणि ‘इंटरप्ट्स’ या दोन नोंदी कोणालाही वाचता येतात. इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असल्यास पहिल्या नोंदीत प्रणालीने दिलेला क्रमांक आणि एपिक क्रमांक दोन्ही दिसतात. दुसऱ्या नोंदीत कोणत्या उपकरणाची हाक कोणत्या कोअरने किती वेळा घेतली, याचा हिशेब असतो. संगणक चालू असताना काही मिनिटांच्या अंतराने ही नोंद दोनदा वाचली, तर हाकांचा ओघ कोठे वाहतो आहे हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येते. सारा ओघ एकाच कोअरवर येत असल्यास त्याचे कारण शोधणे हा एक उत्तम प्रकल्प होऊ शकेल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार सिलिंडरच्या इंजिनावर काम करणारा कुशल मिस्त्री जाणतो की, सिलिंडर १, २, ३, ४ असे ओळीने बसविलेले असले तरी ते पेटण्याचा क्रम बहुधा १, ३, ४, २ असा असतो. म्हणून तारा जोडण्यापूर्वी तो क्रम पाहून घेतो आणि इंजिन नवे असेल तर पुन्हा पाहतो. संगणकाच्या मूलभूत प्रणालीवर काम करणाऱ्यांनाही हीच सवय उपयोगी पडते. क्रमांक गृहीत धरू नये, यंत्राला विचारावा, मेळ घालून लिहून ठेवावा आणि चाचणी घ्यावी. ज्या अंदाजावर पूरग्रस्त गावांचे स्थलांतर अवलंबून असते, तो वेळेवर हाती पडण्यात या छोट्या दक्षतेचाही वाटा असतो.